मॅक्लिओडगंजचा वर्ग

दलाई लामांची शिकवण ऐकायला तिकीट नसतं. ओळखपत्र लागतं, पासपोर्टच्या मापाचा फोटो लागतो आणि आम्ही गेलो तेव्हा नोंदणीचे दहा रुपये. शिवाय बसायला आसन, चहासाठी स्वतःचा पेला आणि इअरफोनसह एफएम रेडिओ. मोबाइल आत नेता येत नाही, कॅमेरा नाही, काडेपेटी नाही. ही यादी मी नणंदबाईंना वाचून दाखवली, तेव्हा त्यांचं सगळं लक्ष मोबाइलवर अडकलं.

"मग फोटो कसा काढायचा गं?"

"काढायचा नाही, वन्सं."

"म्हणजे आपण गेलो होतो हे कुणाला कळणारच नाही!"

तरी त्या आल्या. त्यांना दर्शन घ्यायचं होतं. मला जे हवं होतं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. टपाल खात्यात नोकरी करत असताना धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' हाती लागलं होतं. गोव्यातल्या सांखवाळचा एक तरुण बुद्धाचा धर्म शिकण्यासाठी १८९९ साली घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी करत नेपाळात जातो, तिथे निराश होतो आणि शेवटी १९०२ साली सिंहलद्वीपात जाऊन भिक्षू होतो. ज्या देशात बुद्ध जन्मभर चालला त्या देशात तेव्हा त्याचा धर्म शिकवणारा गुरू मिळेना, ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. निवृत्त झाल्यावर ठरवलं की निदान आता जिथे शिकवतात तिथे जाऊन बसून यावं. कोसंबींना समुद्र ओलांडावा लागला होता. मला झेलम एक्स्प्रेसचं आरक्षण पुरलं. पठाणकोटला उतरायचं, तिथून बसने धरमशाला, आणि पुढे देवदारांच्या वळणांवरून जीपने वर मॅक्लिओडगंज. प्रवासाचं याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. वन्संनी दशम्या आणल्या होत्या, त्या अंबाल्यापर्यंत पुरल्या.

कोविडच्या आधीचा तो सप्टेंबर होता. पाऊस संपत आलेला, पण संपलेला नाही. धौलाधार ढगांत, रस्ते ओले, आणि दोन माणसं छत्र्या घेऊन समोरासमोर आली तर एकाला दुकानात शिरावं लागेल इतक्या अरुंद गल्ल्या. इंग्रजांनी वसवलेलं हे ठाणं १९०५ च्या कांगडा भूकंपात उद्ध्वस्त झालं आणि फाळणीनंतर तर ओसच पडलं. उरलं ते चौकातलं नवरोजींचं दुकान. १८६० पासूनचं हे पारशी कुटुंब. त्यातल्याच नौझर नवरोजींनी सरकारला सुचवलं, की इथले रिकामे बंगले तिबेटहून आलेल्यांना द्या. मार्च १९५९ मध्ये ल्हासाहून निसटून तवांगच्या बाजूने भारतात आलेले दलाई लामा आधी मसुरीला ठेवले गेले होते. १९६० मध्ये ते इथे आले आणि इथलेच झाले. परदेशातून आश्रयाला आलेल्या एका समाजाने दुसऱ्या तशाच समाजासाठी शब्द टाकला, म्हणून आजचं मॅक्लिओडगंज आहे.

भागसू रस्त्यावरच्या तिबेटी सुरक्षा कार्यालयात नोंदणी होती. रांगेत कोरियन बायका, तैवानी कुटुंबं, रशियन, इस्रायली, जटा वाढवलेले काही युरोपीय. भारतीय मोजकेच. टेबलामागच्या तरुणाने माझं आधार कार्ड पाहिलं आणि चेहरा उजळला. "पुणे! मेरी मौसी हर साल जाती है. स्वेटर." आमच्याकडे थंडी पडली की पदपथाच्या कडेला स्वेटरांच्या ज्या रांगा लागतात, त्यांतल्या बायकांना आम्ही वर्षानुवर्षं सरसकट 'नेपाळी' म्हणत आलो. घासाघीसही करत आलो. मी त्याला यातलं काही सांगितलं नाही. त्याने कार्ड लॅमिनेट करून दिलं आणि सांगितलं, की जागा आज संध्याकाळीच धरून ठेवा.

जागा धरणं हा प्रकार बघण्यासारखा होता. आदल्या संध्याकाळी मंदिराच्या आवारात लोक सतरंजीचे तुकडे, पुठ्ठे, गाद्या घेऊन येतात, फरशीवर चिकटपट्टीने डकवतात आणि त्यावर नावं लिहितात. कोरियन, चिनी, हिब्रू, इंग्रजी, सगळ्या लिप्यांत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला इथे अजिबात परकं वाटणार नाही. वन्संनी लगेच सूत्रं हातात घेतली, खांबाजवळची, पाठ टेकता येईल अशी जागा हेरली आणि आमच्या चादरीवर मोठ्या देवनागरी अक्षरांत 'पुणे' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती चादर होती तिथेच होती, फक्त चहूबाजूंनी आक्रसली होती.

ज्याला मुख्य मंदिर म्हणतात ती देखणी वास्तू नाही, हे आधीच सांगते. पिवळट रंग, सिमेंट, लोखंडी कठडे. एखाद्या सरकारी वसतिगृहासारखं ते दिसतं. घाईघाईने, परत जायचंच आहे अशा समजुतीने बांधलेलं असावं असं मला वाटलं. आत शाक्यमुनी बुद्ध, पद्मसंभव आणि अवलोकितेश्वर. ल्हासाच्या जोखांग मंदिरातली अवलोकितेश्वराची मूर्ती सांस्कृतिक क्रांतीत फोडली गेली. तिच्या मुखांचे काही तुकडे लोकांनी लपवून सीमेपलीकडे आणले, तेही इथे आहेत. मंदिराला लागूनच नामग्याल मठ, समोर पटांगण, आणि पटांगणापलीकडे दलाई लामांच्या निवासाचं फाटक. ते रोज तेवढं अंतर चालत येत.

ज्या आशियाई गटांच्या विनंतीवरून हे वर्ग ठरले होते, त्यांची बैठक आत. आम्ही बाहेर, पडद्यासमोर. सकाळी तपासणीच्या रांगेतून आत शिरून चादरीवर टेकतोय तोच मागून आवाज आला, "ताई, थोडं सरकता का जी?"

मी वळून बघते तर चाळिशीचा तिबेटी माणूस. गालफडं वर, डोळे बारीक, अंगात तिबेटी चुबा, हातात जपमाळ. आणि बोलणं झाडीपट्टीचं.

"तुम्ही मराठी कसे?"

"मी गोठणगावचा ना. भंडाऱ्याचा कॅम्प हाय आमचा."

नोर्गेलिंग. १९७२ साली वसवलेली तिबेटी वसाहत. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, आता गोंदियात, पण तिबेटी लोक अजून 'भंडारा'च म्हणतात. महाराष्ट्रात तिबेट्यांचं एक गाव आहे, त्यांनी जंगलाच्या कडेला धानाची शेती केली, हे मला पुण्यात बसून माहीत नव्हतं आणि मॅक्लिओडगंजला येऊन कळलं. या भाऊंचा जन्म तिथलाच. आईवडील हिमाचलात रस्त्यांच्या कामावर खडी फोडायला होते, तिथून गोठणगावला पाठवले गेले. ज्यांनी तिबेटच्या पठारावर बर्फ सोडून काही पाहिलं नव्हतं त्यांनी विदर्भाचा मे महिना कसा काढला, असं मी विचारलं. ते हसले. "म्हातारे लोकं नाल्यातच बसून राहत, म्हणे." हिवाळ्यात ते नागपुरात स्वेटर विकतात, पावसाळ्यात शेती आणि दोन-तीन वर्षांतून एकदा इथे.

पुढचे सगळे दिवस हे भाऊ आमचे वाटाडे. रेडिओवर हिंदी कुठे लागतं, इंग्रजी कुठे, पाऊस आला तर कुठल्या जिन्याखाली पळायचं, कुठल्या प्रार्थनेला उठायचं आणि कुठल्या नाही, सगळं त्यांनी सांगितलं. एफएमवर प्रत्येक भाषेला वेगळा आकडा असतो. शिक्षक तिबेटीत बोलतात आणि अनुवादक त्याच क्षणी आपापल्या भाषेत सांगत जातात. पट्टी जरा सरकली की हिंदीत व्हिएतनामी घुसते.

दलाई लामा आले तेव्हा पटांगणात एक विचित्र शांतता झाली. घोषणा नाहीत, जयजयकार नाही. म्हातारी तिबेटी माणसं कमरेतून वाकली, हातात आदराने अर्पायची पांढरी वस्त्रं, खाता. दलाई लामा दोन्ही बाजूंना भिक्षूंचा आधार घेत हळूहळू चालत होते आणि दर चार पावलांवर थांबत होते. कुणाची दाढी ओढ, कुणाच्या गालाला हात लाव, कुणा आजारी माणसाला काही विचार. आमच्यापासून हाताच्या अंतरावरून गेले. वन्संनी हात जोडले, डोळे मिटले आणि ते पुढे गेल्यावर उघडले. "झालं माझं," त्या म्हणाल्या. सकाळचे आठही वाजले नव्हते.

मग ते आत गेले, सिंहासनासमोर तीनदा साष्टांग नमस्कार घातला आणि वर बसले. गुरू शिकवायला बसण्याआधी स्वतः नमस्कार करतो. भाऊंनी सांगितलं, की नमस्कार सिंहासनाला नाही, जिच्यावर बोलायचं त्या शिकवणीला आहे. आधी पिवळ्या चीवरातल्या थेरवादी भिक्षूंनी पालीत मंगलपठण केलं, नंतर कोरियन भिक्षूंनी लाकडी मोकताकच्या ठेक्यावर प्रज्ञापारमिताहृदय म्हटलं. पाली सुरू झाल्याबरोबर आमच्या उजवीकडून एका बाईचा स्पष्ट, खणखणीत आवाज त्यात मिसळला. पांढरी साडी, शेजारी यजमान. नागपूरचे. त्यांच्या रोजच्या वंदनेतलंच होतं ते. त्या सगळ्या गर्दीत मजकूर कळून म्हणणाऱ्या त्या बाई एकट्याच नव्हेत, पण आमच्या रांगेत एकट्याच होत्या.

पहिला तासभर दलाई लामांनी पुस्तक उघडलंच नाही. ते जे बोलले ते ज्यांनी त्यांना एकदा तरी ऐकलंय त्यांना ठाऊक असेल, कारण ते हे नेहमी सांगतात: भारत आमचा गुरू, आम्ही तिबेटी चेले. आमच्याकडे जे काही आहे ते नालंदेच्या पंडितांचं. बुद्धवचनांचे सुमारे शंभर खंड आणि त्यांवरच्या भारतीय टीकांचे दोनशेहून अधिक, मुख्यतः संस्कृतातून तिबेटीत आलेले. मग मिस्कीलपणे पुढे, की गुरूचे मधल्या काळात जरा चढउतार झाले, चेल्यांनी मात्र सांभाळून ठेवलं. भारतीय श्रोते हसले आणि टाळ्या वाजवल्या. मला टाळी वाजवावीशी वाटली नाही. आपल्याला उद्देशून कुणी इतक्या मऊ भाषेत म्हणावं की तुम्ही तुमचं हरवलंत, आणि आपण ते कौतुक म्हणून घ्यावं, यात काहीतरी चुकतंय. धर्मकीर्तीच्या 'प्रमाणवार्तिका'चं मूळ संस्कृत हस्तलिखित शोधायला राहुल सांकृत्यायनांना तिबेटात जावं लागलं होतं. कित्येक ग्रंथांचं मूळ आजही सापडलेलं नाही; सारनाथच्या तिबेटी संस्थेत काही ग्रंथ तिबेटीवरून पुन्हा संस्कृतात उतरवण्याचं काम चालतं. यावर टाळ्या कसल्या?

हसण्याची मात्र गंमत होती. ते विनोद सांगता सांगता स्वतःच आधी हसत, खांदे हलवत, मोठ्याने. मग तिबेटी हसत. मग इंग्रजीवाले. मग आमच्या कानात हिंदी पोचली की आम्ही. आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर पलीकडच्या कोपऱ्यात, बहुधा मंगोलियनांचा, एक शेवटचा हशा. ते तेवढ्यासाठी थांबत असावेत असं वाटे.

पुस्तक शांतिदेवांचं 'बोधिचर्यावतार'. आठव्या शतकातला नालंदेचा हा भिक्षू. त्याची आख्यायिका आमच्या भाऊंनी चहाच्या वेळी सांगितली, त्यांच्या मराठीत ती फारच खुलली. हा माणूस खातो, झोपतो आणि परसाकडे जातो, बाकी काही करत नाही, म्हणून बाकीच्या भिक्षूंनी त्याचं नाव भुसुकू ठेवलं. त्याची फजिती करायची म्हणून उंच आसन मांडलं, त्याला शिडीही ठेवली नाही, आणि सगळ्यांसमोर पाठ म्हणायला सांगितलं. तो सहज चढून बसला आणि विचारलं, जुनं म्हणू की नवं? "नवं म्हण, म्हणाले जी. अन् मग हे आलं सगळं!" नवव्या अध्यायात, शून्यतेच्या विवेचनापर्यंत येता येता तो आसनावरून वर उठला, दिसेनासा झाला आणि नुसता आवाज येत राहिला, असं सांगतात.

दलाई लामांना हा ग्रंथ ज्यांनी शिकवला ते खुनू लामा तेन्झिन ग्यालत्सेन किन्नौरचे, म्हणजे आताच्या हिमाचलातले. त्यांचं नाव घेताना दलाई लामांनी हात जोडले आणि क्षणभर बोलले नाहीत. निर्वासित होऊन आलेल्या धर्मगुरूला करुणेचा पाठ एका भारतीयाने दिला, ही गोष्ट आपल्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात मी वाचलेली नाही.

शिकवण्याची तऱ्हा माझ्या अपेक्षेपेक्षा फार वेगळी. प्रवचन म्हटलं की आपल्याला दृष्टान्त, अभंग, चढता आवाज आणि शेवटी आरती आठवते. इथे एक वृद्ध माणूस डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून झापड असलेली टोपी चढवून, चश्मा सावरत ओळीमागून ओळ वाचतो आहे. दहा श्लोक भराभर नुसते वाचून जातो, कारण परंपरेत नुसतं कानावर पडण्यालाही महत्त्व आहे. मग एका ठिकाणी थांबतो आणि अर्धा तास पुढे सरकत नाही. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, कोणत्या आचार्याचं काय मत, ते का टिकत नाही. आजूबाजूचे भिक्षू पुस्तकावर पेन्सिलने खुणा करताहेत. माझ्या पुढे एक तैवानी मुलगी वहीत आकृत्या काढत होती. अवघड होतं. दुपारपर्यंत माझं डोकं जड झालं. शून्यतेच्या चर्चेत मी पार वाहून गेले आणि रेडिओ काढून नुसता आवाज ऐकत बसले.

पण सहावा अध्याय कळला. तो रागाविषयी आहे, आणि रागाचा अनुभव मला शून्यतेपेक्षा जास्त. शांतिदेवांचा युक्तिवाद असा: काठीने मार बसला तर तू काठीवर रागवत नाहीस, काठी धरणाऱ्यावर रागवतोस. पण काठी जशी त्याच्या हातात, तसा तो द्वेषाच्या हातात. मग रागवायचंच तर द्वेषावर रागव. मी बँकेतल्या, सोसायटीतल्या, नात्यातल्या सगळ्या काठ्या आठवून पाहिल्या. युक्तिवाद पटला, राग कमी झाला असं सांगणार नाही.

इथे दलाई लामांनी एक प्रसंग सांगितला, जो ते वारंवार सांगतात. नामग्याल मठातलेच एक भिक्षू, म्हणजे आम्ही बसलो होतो तिथलेच, तिबेटात मागे राहिले आणि अठरा वर्षं चिनी तुरुंगात काढून मग भारतात पोचले. बोलता बोलता ते दलाई लामांना म्हणाले, की तुरुंगात काही वेळा मोठा धोका निर्माण झाला होता. दलाई लामांना वाटलं, जिवाला. त्यांनी विचारलं, कसला धोका? भिक्षू म्हणाले, चिन्यांविषयीची करुणा संपून जाण्याचा. रेडिओत अनुवादकाचा आवाज किंचित अडखळला. गोठणगावच्या भाऊंची माळ थांबली होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

चहा हा मोठा सोहळा. इशारा झाला की तरुण भिक्षू पितळी किटल्या घेऊन अक्षरशः धावत सुटतात, माणसांवरून उड्या मारत. काही हजार पेले इतक्या कमी वेळात कसे भरतात, हे आपल्या लग्नकार्यातल्या वाढप्यांनी येऊन बघावं. सोबत जाडजूड गोल पाव. पहिल्या दिवशी लोण्याचा चहा होता. वन्संनी घोट घेतला आणि माझ्याकडे वळून कुजबुजल्या, "अगं, मीठ कुणी घातलं यात?" दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला आल्याच नाहीत. भागसूनागचा धबधबा बघून आल्या, आणि नंतर मंदिराच्या डोंगराभोवतीचा प्रदक्षिणेचा रस्ता त्यांना सापडला. तिथे तिबेटी म्हाताऱ्या माळ ओढत, प्रार्थनाचक्रं फिरवत रोज फेऱ्या घालतात. वन्संची त्यांच्याशी गट्टी जमली. समान भाषा नाही, पण गुडघेदुखी समान. एका आमा-लाने त्यांना कसलंसं तेल दिलं, ते अजून आमच्या घरात आहे.

शनिवार-रविवारी पंजाब-दिल्लीकडचे पर्यटक आले. घोळक्याने आत यायचे, "कब निकलेंगे?" असं विचारायचे, पडद्याकडे पाच मिनिटं बघायचे आणि निघून जायचे. मी त्यांना हसणार नाही; माझ्या घरातलीच दर्शनार्थी माझ्यासोबत होती. पण कोरियाहून विमानाने आलेली बाई मांडी न मोडता शेवटपर्यंत बसते आणि जालंधरहून गाडीने आलेला माणूस मोबाइल जमा करावा लागला म्हणून दारातून परत फिरतो, हे बघायला बरं वाटत नव्हतं. आमच्या लॉजवाल्याने त्याच आठवड्यात भाडं दीडपट केलं होतं, तेही इथे नोंदवून ठेवते. करुणेचा वर्ग समोरच भरला होता.

नागपूरच्या जोडप्याशी ओळख "जय भीम"ने झाली. काका रेल्वेतून निवृत्त, वाचन दांडगं. चहाच्या वेळी त्यांची माझी चर्चा रंगायची. त्यांना तर्काचा भाग फार आवडत होता. बुद्ध म्हणतो म्हणून मानू नका, सोन्यासारखं तापवून, कापून, घासून बघा, हे दलाई लामांचं आवडतं सूत्र आलं की ते मांडीवर थाप मारत. पण पुनर्जन्म, देवदेवता, अवतारी लामा हे आलं की चश्मा काढून पुसायला घेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला आहे, मूलद्रव्यांचा पुन्हा संयोग एवढंच मानलं आहे, हे त्यांनी मला सविस्तर समजावलं.

एका सकाळी दलाई लामा म्हणाले, की माणसाने शक्यतो आपापला, परंपरेने आलेला धर्म सांभाळावा, बदलण्याची घाई करू नये. हेही ते नेहमी सांगतात, आणि पाश्चात्त्यांपुढे तर हमखास. आमच्या पुढच्या रांगेतल्या माना हलल्या. काकांची हलली नाही. चहा आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण आमचा कोणता सांभाळायचा होता, सांगा."

मी काय सांगणार? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे धर्मांतर घडलं ते घाईने घडलं नव्हतं. येवल्याच्या घोषणेपासून एकवीस वर्षं त्याचा विचार चालला होता. काका पुढे म्हणाले, की त्याच वर्षी नोव्हेंबरात हेच दलाई लामा, तेव्हा एकवीस वर्षांचे, बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीसाठी भारतात आले होते, आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. "थोडा वेळ मिळाला असता तर दोघं बोलले असते," असं म्हणून त्यांनी पेला पालथा घालून झटकला. काकू शांतपणे पाव मोडून चहात बुडवत होत्या. त्यांनी सगळ्यांत नेमकं विचारलं: "इथं शिकवतात तसं रोज शिकवायला आपल्या विहारात कोण येणार जी?"

शेवटच्या दिवशी बोधिचित्ताचं व्रत होतं. उजवा गुडघा टेकायचा, हात जोडायचे आणि ते म्हणतील ते तीनदा म्हणायचं: सगळ्या जिवांचं दुःख दूर व्हावं म्हणून मी बुद्धत्वाचा ध्यास घेते. वन्सं त्या दिवशी आल्या होत्या. तक्रार न करता दुखऱ्या गुडघ्यावर बसल्या आणि तिबेटी अक्षरं जशी ऐकू आली तशी म्हणत राहिल्या. काकूंनी म्हटलं. काका हात जोडून ताठ बसून राहिले. मीही म्हटलं नाही. समोरचा माणूस इतके दिवस तपासून घ्या म्हणत होता, आणि सगळ्या जिवांचं ओझं उचलण्याची माझी तयारी मला तरी तपासून झालेली वाटत नव्हती. भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या वेळी म्हणा, ताई. ते थांबतात."

निघण्याआधी मी खाली गांगचेन क्यिशोंगला तिबेटी ग्रंथालयात जाऊन आले. १९७० साली स्थापन झालेल्या या संस्थेत पाठीवर बांधून, खेचरांवर लादून हिमालयापलीकडून आणलेली हस्तलिखितं आहेत. लांबट, सुटी पानं, दोन फळ्यांत बांधून कापडात गुंडाळलेली. तिथे तत्त्वज्ञानाचे आणि तिबेटी भाषेचे वर्ग चालतात, बाहेरच्या कुणालाही बसता येतं. वर्गाच्या यादीत डोकावले. नावं जगभरची होती. एक तरी आपल्याकडचं असेल म्हणून शोधलं. बंगाली एक मिळालं, मराठी नाही.

६ जुलै २०२५ ला दलाई लामांनी नव्वदी पूर्ण केली. दिवसाचे अनेक तास सलग शिकवणं आता त्यांना पूर्वीसारखं जमत नाही, त्यामुळे जायचं असेल तर तारखा त्यांच्या कार्यालयाकडून आधी नीट कळवून घ्या, आणि त्या जुळल्या नाहीत तरी ग्रंथालयाचे वर्ग असतातच. तिथे दर्शन मिळत नाही, शिकायला मिळतं. गोंदियाकडच्या वाचकांना तर तेवढंही लांब जायला नको. नोर्गेलिंग त्यांच्याच जिल्ह्यात आहे, एकदा जाऊन बघा. आणि कुठेही गेलात तरी 'बोधिचर्यावतार' आधी चाळून जा. सगळं नाही झालं तर सहावा अध्याय वाचा. तो १३४ श्लोकांचाच आहे.